परसदार : पिशवीतली माती

गेल्या दिवाळीपासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. कुंडीसाठी तयार माती म्हणून ज्या पिशव्या बाजारात मिळतात त्या घ्याव्यात काय, आणि घ्यावयाच्या तर त्यांतली चांगली कशी ओळखावी? निजामाबादच्या एका भगिनीने तीन निरनिराळ्या पिशव्यांवरील मजकूर उतरवून पाठविला आहे. बडोद्याच्या एकीने गुलाबाची पिवळी पडलेली पाने पाकिटात घालून धाडली आहेत. इंदूरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मात्र काही विचारलेले नाही. त्यांनी रागच व्यक्त केला आहे. जिला आपण काळी आई म्हणतो ती किलोच्या भावाने विकत आणण्याची पाळी मराठी घरांवर यावी, याचे त्यांना वाईट वाटते.

त्यांचा राग मला परका नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते, आणि त्या हट्टापायी आमच्या घरची तुळस गेली.

आमचे बिऱ्हाड आदिलाबादेत. सासर बेल्याकडचे, पैनगंगेपासून कोसभर अलीकडे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. बोली तीच, पीक तेच, सणवार तेच. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, आणि आम्ही आंध्रात राहिलो. २०१४ पासून तेलंगणात आहोत. गावचा वाडा कपाशीवर उभा राहिला आणि वाटण्या झाल्यावर विकलाही गेला. निघण्याच्या दिवशी सासूबाईंनी भांडीकुंडी कोणी न्यावी याची चौकशीसुद्धा केली नाही. वृंदावनातल्या तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या त्यांनी एका रुमालात बांधून घेतल्या आणि गड्याकरवी शेतातली एक पोते माती गाडीत टाकून घेतली. शहरातल्या घराला अंगण नाही, गच्ची आहे. तिथे मोठी कुंडी आणली, तीत ती माती भरली, आणि मृगात बी पेरले.

रोपे झकास आली. त्यांतले एक ठेवले. आषाढाच्या अखेरीस ते वीतभर झाले होते. मग श्रावणात झड लागली. आठ दिवस पाऊस हटला नाही, आणि नवव्या दिवशी रोपाने माना टाकल्या. पाणी कमी पडले असे समजून मी वरून आणखी एक तांब्या ओतला! दोन दिवसांनी रोप उपटून पाहिले तर मुळे काळी पडून गळून आली होती आणि मातीला गटारासारखा वास होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्या रिकाम्या कुंडीपाशी निरांजन ठेवू लागल्या, तेव्हा मात्र मला तिथे उभे राहवेना.

मातीत दोष नव्हता. याच मातीत तीन पिढ्या कापूस पिकला. दोष होता तो शेतातले कुंडीत आणण्यात, आणि ते का, हे समजून घेतल्यावाचून कोणतीच पिशवी पारखता येणार नाही. म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

आपल्या काळ्या जमिनीला शास्त्रीय पुस्तकांतून ‘रेगर’ म्हणतात. हा शब्द आमच्या शेजारणींच्या भाषेतून, तेलुगूतल्या ‘रेगडि’वरून गेला आहे. ही जमीन दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन झाली. तिच्यात चिकणमातीचा अंश फार, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. आणि ही चिकणमाती अशा जातीची की पाणी शोषून ती फुगते व वाळली की आक्रसते. वैशाखात शेताला ज्या भेगा पडतात, ज्यांत पाय अडकतो, त्या यामुळेच. शेतात हा गुणच आहे. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि पाऊस गेल्यावर कपाशीला महिनोन्‌महिने पुरविते. भेगांतून हवा खोल जाते, वरची माती भेगांत पडते, आणि जमीन जणू आपली आपण नांगरली जाते. शिवाय तिथे खाली कित्येक हात माती असते. वरचे पाणी खालच्या मातीकडे ओढले जाते.

कुंडीत खाली काय असते? नऊ-दहा इंचांवर तळ आणि एक भोक. खाली ओढून घ्यायला मातीच नाही. म्हणून प्रत्येक कुंडीत, माती कोणतीही असो, तळाशी पाण्याने तुडुंब भरलेला एक थर राहतोच. माती जितकी बारीक तितका हा थर उंच. जाडसर, भुसभुशीत मिश्रणात तो एखादा-दुसरा इंच असतो. काळ्या चिकण मातीत तो जवळजवळ कुंडीच्या काठापर्यंत येतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळे कुजतात, आणि मुळे कुजली की पाण्यात उभे असलेले रोपही तहानेने माना टाकते. मी ओतलेला तो तांब्या आठवला की अजून वाईट वाटते.

हे कोणाला खोटे वाटत असेल तर भांडी घासण्याचा जाडसर स्पंज घ्यावा, पाण्यात पुरता भिजवावा आणि तळहातावर आडवा धरावा. थोडा वेळ पाणी ठिबकेल, मग थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा धरावा. पुन्हा धार लागते! स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून वरचे पाणी खाली उतरले. आडवा स्पंज म्हणजे आपली कुंडी, आणि उभा स्पंज म्हणजे शेत.

याच कारणाने कुंडीच्या तळाशी खडे, विटांचे तुकडे, खापऱ्या यांचा जाड थर देण्याची आपली जुनी पद्धत फारशी उपयोगाची नाही. बारीक मातीतले पाणी त्याखालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. ते थराच्या वर अडून राहते, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी उपडी ठेवावी, तेवढे पुरे. हे लिहिताना मला आमच्या आईची आठवण होते आहे. ती खड्यांचा थर दिल्याशिवाय कुंडीच भरत नसे, आणि तिची जास्वंद तरीही फुलत असे. तिची माती कोकणातली तांबडी होती, हे त्याचे खरे कारण.

उन्हाळ्यात काळी माती कुंडीत दुसरीच खोडी करते. वाळली की ती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. आपण वरून पाणी घालतो, ते त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकातून बाहेर येते, आणि आपण समाधानाने आत जातो. मधला गोळा मात्र दगडासारखा कोरडाच राहतो.

बडोद्याच्या भगिनीच्या पानांचे उत्तरही बहुधा मातीतच आहे. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, हे लक्षण पुष्कळदा लोह कमी पडल्याचे असते. काळ्या जमिनीत चुनखडीचे बारीक खडे असतात. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मातीतला एखादा पांढरा खडा बशीत ठेवून त्यावर व्हिनेगर टाकावे; फसफसला तर चुनखडी आहे असे समजावे. मोगरा, गुलाब आणि अनंत यांना ती मानवत नाही.

तर पहिली तुळस अशी गेली. मग मी हट्ट सोडला आणि पिशवी आणायला निघाले. सासूबाईंनी विचारले, “माती कधी इकत घेतात काय वं?” मी उत्तर दिले नाही. दुकानदाराने एक पिशवी पुढे केली, तिच्यावर गुलाबाचे चित्र होते आणि ‘उत्कृष्ट’ हा शब्द दोन ठिकाणी होता. मी उचलून पाहिली. चांगली जड होती. जड म्हणजे भरपूर, असा मी हिशेब केला. धान्य घ्यावयाची सवय! घरी येऊन उघडली तेव्हा आतून वाफ आली आणि नाकाला झोंबणारा दर्प. खत ताजे आहे, जोर चांगला असेल, असे मानून मी बी पेरले. उगवले ते मोजकेच, आणि जे उगवले त्याचे शेंडे आठवड्याच्या आत जळाले. रुमालात आता चिमूटभर बी उरले होते.

त्यानंतर मी या विषयाचे जे वाचन केले, ते भीतीपोटी केले असे म्हणावयास हरकत नाही.

कुंडीसाठी वेगळी माती असावी, हा विचार काही आजच्या दुकानदारांनी काढलेला नाही. इंग्लंडात लंडनजवळ मर्टन येथे जॉन इन्स या व्यापाऱ्याच्या देणगीतून निघालेली एक उद्यानसंशोधन संस्था होती. तिथे प्रयोगासाठी वाढविलेली रोपे वारंवार मरत, आणि दर माळ्याचे मातीचे मिश्रण निराळे, त्यामुळे दोष रोपाचा की मातीचा हे कळेना. तेव्हा १९३०च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल या दोघांनी चिकाटीने प्रयोग करून एक ठराविक कृती बसविली. मापाने सात भाग वाफवलेली पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू. शिवाय ठरलेले खत. संस्थेने ती कृती जगजाहीर केली आणि स्वतः माती कधी विकली नाही. पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक यांनी मातीच वगळली: पीट आणि भाजून फुगविलेली हलकी खनिजे यांचे मिश्रण केले. आज ज्याला आपण पिशवीतली माती म्हणतो तीत पुष्कळदा मातीचा कणही नसतो, त्याचे मूळ इथे आहे.

पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षे साचलेले शेवाळ. ते आपल्याकडे होत नाही, आणि एकदा पुरते वाळले की पाणी अंगाला लावून घेत नाही. आपल्याकडे त्याची जागा नारळाने घेतली आहे. काथ्या काढून उरणारा जो भुसा केरळात आणि तामिळनाडूत ढिगांनी पडून असे, तोच दाबून विटा करून ‘कोकोपीट’ या नावाने आज देशोदेशी जातो. पोळ्ळाची हे त्याचे एक मोठे ठिकाण. पाच किलोची वीट भिजवली की सत्तर लिटरांच्या आसपास भुसा होतो. तो पाणी धरतो आणि हवाही खेळू देतो. मात्र त्यात रोपाला खायला जवळजवळ काही नसते. दुसरी गोष्ट अशी की काथ्या सोलण्यासाठी नारळाची सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवितात. ते मीठ भुशात उतरते. धुतलेल्या भुशाच्या वेष्टनावर ‘लो ईसी’ किंवा ‘धुतलेले’ असे लिहिलेले असते. तसे नसेल तर घरीच बादलीत भिजवून, गाळून, पाणी फेकून द्यावे, आणि असे दोन-तीन वेळा करावे. माझ्या दुसऱ्या खेपेच्या रोपांचे शेंडे जळाले ते अर्धकच्च्या खताने की या मिठाने, हे आता सांगता येत नाही. दोन्हीही असतील.

आता पिशवी कशी निवडावी. प्रथम चित्राकडे न पाहता पाठीमागचा बारीक मजकूर वाचावा. २०११ च्या नियमांप्रमाणे बंद वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असावयास हवी. ती नसेल तर पुढे पाहूच नये. मग घटक पाहावेत. ‘सेंद्रिय पोषक मिश्रण’ एवढेच लिहिलेले असेल तर ते काहीच न लिहिल्यासारखे आहे. कोकोपीट, गांडूळखत किंवा कंपोस्ट, निंबोळी पेंड, पर्लाइट अशी नावे असावीत, आणि प्रमाण दिलेले असेल तर फारच उत्तम. पर्लाइटचे पांढरे हलके मणी पाहून ते थर्मोकोल आहे अशी तक्रार एका भगिनीने मागे केली होती; तो ज्वालामुखीच्या काचेचा भाजून फुगविलेला दाणा असतो, कुजत नाही आणि हवा खेळती ठेवतो.

वजनाचा हिशेब माझ्यासारखा उलटा करू नये. कुंडी लिटरांनी भरते, किलोंनी नव्हे. चांगले मिश्रण ओलसर असताना लिटरभर माप अर्ध्या किलोच्या आसपास भरते. शेतातली माती तेवढ्याच मापात किलोच्या वर जाते. तेव्हा वीस लिटरांची पिशवी दहा-बारा किलोंची असावी. तीच वीस-बावीस किलोंची लागली तर आत माती किंवा वाळू कोंबली आहे असे खुशाल समजावे. केवळ किलोवर विकलेली पिशवी असेल तर आणखी सावध राहावे, कारण ओल्या भुशात आपण पाण्याचे पैसे देतो. खताच्या बाबतीत सरकारी प्रमाण आहे: १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचा ओलावा शेकडा १५ ते २५, रंग गडद तपकिरी ते काळा, आणि दुर्गंधी मुळीच नको, असे घातले आहे. पैकी शेवटची अट आपल्या नाकाला तपासता येते.

पिशवी उघडली की वास घ्यावा. पहिल्या पावसाचा, रानातल्या पाल्याखालचा वास यावा. आंबूस, अमोनियाचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला, हाताला ऊब लागली, तर खत अजून मुरलेले नाही. ते फेकू नये. पसरून, अधूनमधून वरखाली करून महिना-दीड महिना सावलीत ठेवावे. मग मूठभर माती भिजवून दाबावी. गोळा व्हावा, पण बोट लावताच फुटावा. फुटलाच नाही तर चिकणमाती आहे. गोळाच झाला नाही तर वाळू किंवा कोरडा भुसा फार आहे. मुठीतून पाण्याची धार लागली तर पिशवी पाणी घालून विकली आहे. नंतर एका लहान कुंडीत भरून तांब्याभर पाणी घालावे आणि मनात आकडे मोजावेत. शंभराच्या आत भोकातून पाणी ठिबकू लागले आणि वर डबके राहिले नाही, तर मिश्रण मोकळे आहे.

आणि सर्वांत खात्रीची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आपण जे हळीव आणतो, तेच हळीव कंपोस्ट मुरले की नाही हे पाहण्यासाठी परदेशांतल्या प्रयोगशाळांतही वापरतात. एका वाटीत पिशवीतली ओलसर माती घ्यावी, दुसऱ्या वाटीत ज्या कुंडीत झाड उत्तम चालले आहे तिच्यातली. दोन्हींवर पंचवीस-पंचवीस हळीव मोजून टाकावेत, पाणी शिंपडून वर ताटली झाकावी. तीन-चार दिवसांत दोन्हींकडे सारखेच उगवले आणि कोंबांची मुळे पांढरी व लांब निघाली तर निर्धास्त पेरावे. पिशवीच्या वाटीत निम्मेही उगवले नाहीत, किंवा मुळांची टोके तपकिरी झाली, तर ती माती अजून कोवळ्या रोपाला विष आहे. चार दिवस आणि चमचाभर हळीव! एवढे मी आधी केले असते तर दुसरी पेरणी वाया जाती ना.

घरबसल्या मागविताना परदेशी पिशव्याही पुढे येतात, आणि त्यांच्या शिफारशी वाचू लागले की काही वेळाने ध्यानात येते की ही मंडळी टोमॅटोविषयी बोलत नसून गांजाविषयी बोलत आहेत. कॅनडात २०१८ पासून घरटी चार झाडे लावण्यास मुभा आहे, आणि त्या हौसेसाठी तिकडे मातीचा मोठाच व्यापार चालतो. आपल्याकडे मात्र गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याखाली गांजाचे एक झाड लावणे हाही गुन्हा असून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या जिल्ह्यात कपाशीच्या आणि तुरीच्या ओळींत लपविलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या येतातच. कुंडीतल्या झाडाला कायदा वेगळा नाही. हे सांगण्याचे कारण बागेपुरते असे की त्या मिश्रणांतली काही मुद्दाम खताने भारी केलेली असतात. थोराड झाडाला ती चालतील. तुळशी-मिरचीच्या कोवळ्या रोपाची मुळे त्यांत भाजून निघतात. पाण्याचा निचरा आणि हवा यांविषयी ते लोक सांगतात ते मात्र खरे आहे.

निरनिराळ्या प्रांतांत राहणाऱ्या वाचकांना एकच नियम देता येत नाही. इंदूरची माळव्याची जमीन आमच्यासारखीच काळी; त्या रागावलेल्या गृहस्थांनी कुंडीपुरता राग गिळावा. बडोद्याकडे जिथे हलकी गोराडू माती मिळते तिथे ती निम्मी घालूनही कुंडी चांगली चालेल. बंगळूरच्या तांबड्या मातीत आणि आमच्या तेलंगणात जिला चल्का म्हणतात त्या हलक्या तांबड्या मातीत एक-तृतीयांश कंपोस्ट आणि तेवढाच भुसा घातला की काम भागते. पिशवी सर्वांनीच घ्यावी असे मुळीच नाही. धुतलेले कोकोपीट, मुरलेले खत आणि भाताचे तूस किंवा जाड वाळू सम भाग घेऊन, घमेल्याला मूठभर निंबोळी पेंड मिसळली, तर बाजारातल्या चांगल्या पिशवीशी ते बरोबरी करते आणि पैसेही वाचतात. शेणखत मात्र वर्षभर मुरलेले असावे. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या घरात येतात आणि मुळे कुरतडतात.

एक सूचना आमच्यासारख्या उष्ण गावांसाठी. आदिलाबादेत मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि पौषात दहाच्याही खाली उतरतो. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाळ्यात मुळे शिजतात. मातीची कुंडी पाझरते म्हणून थंड राहते. तिला पाणी जास्त लागते, ते द्यावे. कोकोपीट वरून वाळलेले दिसते आणि खाली ओलेच असते, म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे आत घालून पाहावे. थंडीत तुळस दुपारच्या उन्हात आणि रात्री भिंतीच्या आडोशाला ठेवावी, आणि मंजिऱ्या वेळेवर खुडाव्यात. बियांत जोर गेला की झाड लवकर जून होते.

तिसऱ्या खेपेला मी पिशवी पारखून आणली. हळिवाची परीक्षा घेतली आणि सासूबाईंना वाट्या दाखविल्या. त्या पुष्कळ वेळ पाहत बसल्या. मग आत जाऊन त्यांनी गावच्या पोत्यातली ओंजळभर माती आणली आणि म्हणाल्या, “हे पण टाक.” मी नाही म्हणणार होते. परंतु वाचले होते त्यात हेही होते की भुसा आणि पर्लाइट यांना खत धरून ठेवता येत नाही; पाण्याबरोबर ते वाहून जाते. चिकणमाती मात्र ते धरून ठेवते, आणि त्या बाबतीत आपल्या काळ्या मातीचा हात धरणारी माती थोडीच आहे. दहा भागांत एक भाग, वाळवून, कुटून, पिठाच्या चाळणीने चाळून घातली तर निचरा बिघडत नाही. तेव्हा मी चाळणी आणली, आणि ओंजळीतली माती त्यांनी स्वतः चाळली.

बी चिमूटभरच होते. वरून मातीचा थर न देता नुसते दाबले, कारण तुळशीचे बी खोल गेले की उगवत नाही. दहाव्या दिवशी सात कोंब मोजले. त्यांतली दोन रोपे ठेवली, एक गच्चीवर आणि एक वन्संच्या दारी. वन्संचे गेल्या थंडीत गेले; गच्चीवरचे आहे. या कार्तिकात त्याच्याशी बाळकृष्णाचे लग्न लागले, आणि खुडलेल्या मंजिऱ्या त्याच रुमालात बांधून ठेवल्या आहेत.

निजामाबादच्या भगिनीस: आपण उतरवून पाठविलेल्या तीन वेष्टनांपैकी पहिल्यावर घटकच नाहीत, आणि तिसऱ्याचे वजन वीस लिटरांना एकवीस किलो आहे. दुसरी घ्यावी, एकच घ्यावी, आणि हळीव पेरून पाहिल्यावर मग बाकीच्या मागवाव्यात.